वाकला होता का

काउंटरपाशी आर्वोच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने कॉफीचा कप चार बोटांत धरला होता. अंगठा बाजूला, ताठ, कपाला लागू न देता. एवढंच. माणूस अनोळखी होता, दाराबाहेर त्याचा ट्रक धूर सोडत उभा होता, अंगठ्याला साधी पट्टी होती, कुठल्या तरी गिरणीत नाही तर गॅरेजात चेमटला असेल. त्याने सुटे पैसे डाव्या हाताने खिशात कोंबले, दार खांद्याने ढकललं आणि तो गेला. आर्वो मात्र जागचा हलला नाही. मागचा म्हातारा म्हणाला, "चल की, आर्वो, की इथेही शिट्टी वाजायची वाट बघतोयस?" दोघंतिघं हसले. काउंटरवरच्या मुलीने न विचारताच त्याच्यापुढे त्याचा नेहमीचा बन ठेवला, वर गुलाबी साखरेचा जाड थर. आर्वोने तो थर पाहिला आणि त्याला काल आइस हॉकीची मॅच संपता संपता फावडी घेऊन आलेले दोन जण आठवले, बर्फावरचा लाल डाग खरवडणारे. खरवडलं की लाल राहत नाही. गुलाबी होतं, भुसभुशीत होतं, बादलीत जातं. "काल बघायला हवं होतंस," म्हातारा शेजारच्याला सांगत होता, "गोल मारला तो मारला, वर लोकांपुढे कमरेत वाकतोय, बेडूक साला! नाटकात काम करतो की काय?" फ्रेंच पोरांना या गावात बेडूकच म्हणतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. "पण आपल्या डेलने दिली की नाही बरोबर! काय आर्वो? तू तर तिथेच होतास."

आर्वोने बन कागदात गुंडाळून घेतला.

तिथेच असणं हेच त्याचं काम. आठवडाभर तो लोकांच्या स्वयंपाकघरांत गुडघ्यांवर बसून लिनोलियम घालतो, आणि मॅचच्या दिवशी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट चढवून बर्फावर निळ्या रेषेशी उभा राहतो. रेफरी शिक्षा करतो, नावं घेतो, शिव्या खातो. लाइन्समन रेषा बघतो आणि भांडणं सोडवतो. भांडण केव्हा सोडवायचं, हे मात्र कुठल्याच नियमात नाही. दोघांनी हातमोजे फेकले, राजीखुशीने एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या, की लाइन्समनने कडेला उभं राहायचं, मोजे आणि काठ्या पायाने बाजूला सारायच्या, श्वास मोजायचे. एक जण खाली गेला की मग मध्ये शिरायचं. खाली गेलेल्याला मारायचं नाही, हे मारणाऱ्याला ठाऊक असतं. कोणाला वेळ हवा, कोणाला आता सोडवलेलं बरं वाटेल, हे डोळ्यांवरून ओळखायचं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अशी, की लाइन्समनला काही कळत नाही. या संघाच्या बाकावर कळलेलं त्या संघाच्या बाकावर न्यायचं नाही. कोणाच्या तोंडाला दारूचा वास येतो, कोण मोजे घालताना रडतो, कोणाचा गुडघा वळत नाही, हे त्याच्या हातांना कळतं, कारण तो त्या अंगांना मिठी मारून बाजूला नेतो. पण हातांना कळलेलं तोंडाला कळायचं नाही. आर्वोने हे इतकी वर्षं पाळलं होतं की त्याची बायको इर्या म्हणायची, तुला पोटात दुखलं तरी मला वर्तमानपत्रातून कळेल. आणि वर्तमानपत्रातही काय छापतात? इथे माणसाच्या शरीराचे दोनच भाग. वरच्या अंगाला दुखापत. खालच्या अंगाला दुखापत. नेमकं सांगितलं तर समोरचे नेमके तिथेच काठी हाणणार.

काल दुसऱ्या सत्रात काही तरी फुसकं झोंबाझोंबीचं प्रकरण झालं. गोलापाशी पाचसहा जण एकमेकांत अडकले. आर्वोने पाहुण्या संघातल्या एका पोराला मागून कवटाळलं, उजवं मनगट आणि हात एका मुठीत धरला आणि ओढलं. पोरगा ओरडला. ओरडला असंही नाही. दारात सापडलेल्या कुत्र्याच्या पिल्लाच्या तोंडून निघतो तसा एक आवाज, तोही अर्धाच, उरलेला त्याने गिळला. हातमोज्याच्या आत, अंगठ्याच्या मुळाशी, आर्वोच्या तळव्याला एक कडक पट्टी लागली आणि पट्टीच्या खाली नको तिथे वळणारं काही तरी. त्याने मूठ सैल केली. पोराने मान वळवून पाहिलं. थिबो. विशी ओलांडलेली नसेल, हनुवटीवर चार केस, आणि आमची भाषा त्याला जेमतेम. "सांगू नको," तो म्हणाला, "प्लीज. मी खेळतो. सांगू नको, हां?"

"मला काय कळतंय," आर्वो म्हणाला. लाइन्समन हेच म्हणतो.

नंतर मात्र त्याचे डोळे पुन्हा पुन्हा त्या हाताकडे गेले. सोपा पास होता, चकती थिबोच्या काठीवरून ओल्या साबणासारखी निसटली. त्यांच्या बाकावरून कोणी तरी खेकसलं. पुन्हा एकदा निसटली. हळू ढकलायचं तर अंगठा लागतो. अंगठ्यानेच चकती कळते. जोराने हाणायचं तर नाही लागत. मूठ आवळायची आणि खांद्यातून फिरवायचं. आर्वोला हे ठाऊक होतं, कारण तो स्वतः एकदा अंगठा कापलेला असताना पूर्ण स्वयंपाकघराची फरशी घालून आला होता. नाजूक काम जमत नव्हतं, हातोडी जमत होती.

शेवटची दोन मिनिटं. आपला गावचा संघ एका गोलाने मागे. आपल्या प्रशिक्षकाने गोलरक्षकाला बाहेर बोलावलं, त्याच्या जागी एक चढाईचा गडी जास्त. सगळेच असं करतात. गोल उघडा. आणि चकती उसळून थिबोपाशी आली. पुढे कोणी नाही. मागे एक जण धावतोय, पण लांब. सगळं मैदान रिकामं, समोर रिकामं जाळं. अशा वेळी काय करायचं, हे इथल्या पोरांना चालायला शिकण्याआधी शिकवतात: गुपचूप जवळ जायचं, चकती हळूच आत ढकलायची, मान खाली घालून परत फिरायचं. उघड्या दाराच्या घरात शिरताना दार लाथ मारून उघडायचं नसतं. थिबो जवळ गेला. चकती सपाट न पडता काठावर उभी राहून लटपटत होती, आर्वोने ते पाहिलं. थिबोने एकदा ती थोपवायचा प्रयत्न केला, ती थोपली नाही. मग त्याने काठी डोक्यावर नेली, पार वर, आणि हाणली. जाळं मागच्या बाजूला फुगलं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. हजारो माणसं एका क्षणात गप्प झाली. आणि त्या गप्प झालेल्या लोकांच्या समोर थिबो थांबला, हात पोटाशी घेतला, आणि कमरेत वाकला.

वाकला. खाली, आणखी खाली. काही वेळ तसाच.

मग जे ओरडणं सुरू झालं, त्याने छत हललं असतं.

ते वाकणं काय होतं, हे त्या छताखाली दोघांनाच माहीत होतं.

डेल प्रोकोपचुक बाकावरून उतरला. कोणी त्याला नाव घेऊन बोलावलं नाही. प्रशिक्षकाने त्याच्याकडे नुसतं पाहिलंही नाही, दुसरीकडे पाहिलं. संघात डेलचं काम तेवढंच, कोणी माजलं की त्याला ठोकायचं. तो आर्वोच्या धाकट्या भावाचा दोस्त, शेजारच्या गल्लीतला, लहानपणी दर शनिवारी आर्वोच्या बापाच्या सौनात, वाफेच्या खोलीत, येऊन बसायचा आणि जाताना गाजरं उपटून न्यायचा. आता त्याच्या नाकाला आकार नव्हता. मध्यभागी खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आधी तो आर्वोला वळसा घालून गेला, खांदा जवळजवळ खांद्याला लागला, आणि ओठ न हलवता म्हणाला, "आर्वो. एक मिनिट दे मला."

याला उत्तर द्यायचं नसतं. पण आर्वोने दिलं. "हात फक्त. काठी नको."

"हात फक्त," डेल म्हणाला.

हे दोन शब्द आर्वो आज सकाळपासून तोंडात घोळवतोय. गाडी घेऊन तो घरी निघाला, धान्याच्या कोठारांवरून, सरोवर अजून गोठलेलं, कडेचा बर्फ काळा पडलेला, आणि प्रत्येक सिग्नलला त्याच्या तोंडात ते दोन शब्द आले. हात फक्त. त्याला किती बरं वाटलं होतं ते म्हणताना! आपण न्यायाने वागलो, मर्यादा घालून दिली असं वाटलं होतं. त्याच श्वासात दुसरे शब्द मावले असते. तेवढेच, जास्त नाहीत.

डेल थिबोपाशी गेला. "काढ मोजे." थिबोने मान हलवली. "काढ रे. लोकांसमोर वाकता येतं, उभं राहता येत नाही?" थिबोने पुन्हा मान हलवली, आणि उजवा हात मागे नेला, शिक्षकापासून खडू लपवणाऱ्या पोरासारखा. मोजे काढले असते तर पट्टी दिसली असती. न काढणं म्हणजे भ्याडपणा, म्हणजे दुसरा अपमान, पहिल्याहून मोठा. त्याने पाठ फिरवली. तेव्हा आर्वो कुठे होता? तो मैदानाच्या कडेच्या फळ्यांवरची टायरची जाहिरात वाचत होता. एक मिनिट देत होता. डेलने काठी दोन्ही हातांत आडवी धरली, थिबो कशाला तरी वळला, आणि ती आडवी काठी डोळ्याखाली बसली. शिरस्त्राण आधी पडलं, मग डोकं.

गावच्या टीव्हीवर ते सकाळपासून दाखवताहेत. गोल, वाकणं, काठी. पुन्हा गोल, वाकणं, काठी. कॅमेरा मागून होता, त्यामुळे पोटाशी घेतलेला हात दिसत नाही, नुसती वाकलेली पाठ दिसते. आर्वोने घरी आल्यावर टीव्ही बंद केला तरी डोक्यातली फीत बंद होईना, म्हणून त्याने ती उलटी फिरवली. गुलाबी भुगा बादलीतून उडून बर्फावर पसरतो आणि लाल होतो. लाल गोळा होत होत पोराच्या नाकात शिरतं. डोकं बर्फावरून उचललं जातं, शिरस्त्राण त्यावर येऊन बसतं. काठी गालापासून अलगद दूर होते, गाल भरतो. आर्वो टायरची जाहिरात उलटी वाचतो. पोरगा हात पाठीमागून पुढे आणतो. डेल पाठमोरा सरकत येतो, त्याचे शब्द त्याच्या तोंडात जातात, आर्वोचे आर्वोच्या. हजारो माणसांचं ओरडणं त्यांच्या घशांत परततं. वाकलेला पोरगा ताठ होतो, जाळं सपाट होतं, काठी डोक्यावरून खाली येते, चकती लटपटत मागे जाते, सगळे मागे मागे जातात, दुसऱ्या सत्रात, गोलापाशी, आर्वोची मूठ सुटते, अर्धा आवाज पोराच्या गळ्यात जातो आणि तिथे नाहीसा होतो. इथे थांबवायचं. इथे आर्वोला खरोखरच काही कळत नाही. इथून पुढे जाऊ द्यायचं नाही.

पण फीत सुलटी होतेच.

"चार वाजता त्यांचा फोन येणार आहे," इर्या म्हणाली. ती सौनाची लाकडं आत नेत होती. शनिवार होता, आणि शनिवारी सौना तापतो, घरात कोणी मेलं तरी तापतो. "लीगचा तो माणूस, कॅल्व्हर्ली. तुझी साक्ष पाहिजे म्हणाला. आणि रेडिओवर सांगत होते, त्या पोराची आई बसने निघालीय. पोरगा डोळे उघडत नाही अजून. डॉक्टर काही बोलत नाहीत." तिने त्याच्याकडे पाहिलं. "फरशीचा सांधा केसभर सरकला तर तू रात्रभर तळमळतोस. काल मात्र लाकडासारखा पडून होतास. झोपला नव्हतास. मला कळतं."

"वरच्या अंगाला दुखापत," आर्वो म्हणाला. तिला वाटलं तो चेष्टा करतोय.

सौनात तो एकटाच बसला होता, घाम अजून फुटायचा होता, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत बूट आपटल्याचा आवाज झाला. डेल. खेळाडूने लाइन्समनच्या घरी यायचं नसतं. तोही एक नियम. कित्येक वर्षांत आला नव्हता. कपडे खुंटीला लावून तो आत आला, वाकून, कारण दार बुटकं आहे, आणि लहानपणी बसायचा त्याच कोपऱ्यात, वरच्या फळीवर बसला. त्याचे गुडघे आता भिंतीला टेकत होते.

"तुझा म्हातारा असता तर म्हणाला असता, दार लाव, ऊब जाते," डेल म्हणाला.

"दार लाव, ऊब जाते."

दोघं थोडे हसले. डेलने डावाने दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली, कानांच्या पाळ्या चुरचुरल्या. वाफेत त्याचे हात दिसत होते, मांड्यांवर ठेवलेले, बोटांची पेरं उकडलेल्या बटाट्यांसारखी फुटलेली.

"तू सांगशील ना त्यांना?" तो म्हणाला. "वाकला म्हणून. मी मोजे काढायला सांगितले, दोनदा सांगितले, नाही काढले म्हणून. काठीचं मी नाकारत नाही. काठी चुकली माझी. पण कारण होतं. कारण असलं तर पाच मॅच बंदी. नसलं तर..." त्याने हात उडवला. "माझं वय बघ, आर्वो. मला दुसरं काय येतं?"

"त्याचा अंगठा मोडला होता."

दगडांवर उरलेलं पाणी चर्रर करत आटलं.

"कोणाचा?"

"पोराचा. पट्टी बांधून खेळत होता. म्हणून हळू ढकलता येईना, म्हणून हाणली. आणि हाणल्यावर कळ आली, म्हणून वाकला. मोजे काढले असते तर दिसलं असतं."

"कोणी सांगितलं तुला?"

"मी हात धरला होता त्याचा. दुसऱ्या सत्रात."

डेल मग फळीवरून पुढे झुकला. "दुसऱ्या सत्रात. म्हणजे मी तुझ्याजवळून गेलो तेव्हा..."

"हो."

"मी मिनिट मागितलं तेव्हा तुला..."

"हो, डेल."

"अरे, मग बोलायचं! पोराचा हात मोडलाय, डेल. एवढंच! मी त्याच्या ढुंगणावर एक चापट मारून परत आलो असतो. लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या, घालू देत! मोडक्या हाताच्या पोराला मी मारीन? मी? तू ओळखतोस ना मला?" त्याचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "हात फक्त म्हणालास. मला हात फक्त म्हणालास तू, भडव्या."

खरंच परत आला असता? आर्वोला वाटलं आला असता. मग वाटलं नसता. हजारो माणसं ओरडत असताना कोणाच्या कानात काय शिरतं? पण ते आता कधीच कळणार नव्हतं, आणि ते कळणार नाही याची व्यवस्था आर्वोनेच केली होती. घाम डोळ्यांत गेला, त्याने पुसला नाही.

डेल पुन्हा बोलला तेव्हा हळू बोलला. "मग आता नको सांगू. ऐक माझं. मला वर्षभर बसवू देत, मी बसेन. पण मोडक्या हाताच्या पोराला काठीने मारलं, हे घेऊन मी कुठे जाऊ? आज सकाळी पेट्रोलपंपावर लोकांनी माझी पाठ थोपटली, आर्वो. उद्या तेच लोक माझ्या गाडीवर थुंकतील, आणि बरोबर करतील. मी पडलेल्याला कधी मारलं नाही. आयुष्यात माझ्यापाशी तेवढं एकच आहे."

"माहीत आहे."

"त्याचा संघही बोलणार नाही. मोडका हात घेऊन खेळवला हे कोण कबूल करतो? आणि तुझा शर्ट काढून घेतील ते. कळत होतं तर थांबवलं का नाही, हे पहिलं विचारतील." तो थांबला. "आणि त्या पोराने तुला काय सांगितलं होतं? बोलू नको म्हणालाच असेल. सगळेच म्हणतात. मग तू काय म्हणालास?"

"मला काय कळतंय म्हणालो."

"म्हणजे शब्द दिलास."

तो उठला. दारापाशी वाकला. आर्वोला दिसली ती नुसती पाठ, वाकलेली, लाल, वाफाळणारी, आणि मागून बघणाऱ्याला ती कशासाठी वाकली आहे हे सांगता आलं नसतं. बाहेरच्या खोलीत तो कपडे चढवताना काही तरी पडलं, त्याने उचललं. मग बर्फावरून जाणारी पावलं. गाजरांचा वाफा याच बाजूला होता.

आर्वो अंग न धुता घरात आला. फोन वाजत होता, इर्याने रिसीव्हर पुढे केला होता आणि टॉवेल दुसऱ्या हातात. कॅल्व्हर्लीचा आवाज मायाळू होता. तोही जुना खेळाडू, तोही कधी काळी आर्वोच्याच मिठीतून बाजूला नेलेला. "काय आर्वो, गुडघे कसे आहेत? बरं, फार वेळ घेत नाही. माझ्याकडे फीत आहे, रेफरीचा अहवाल आहे. तू जवळ होतास. मला फक्त एक खात्री करून घ्यायचीय. गोल झाल्यावर तो पोरगा लोकांपुढे वाकला का?"

लाइन्समन बोलत नाही, हातांनी बोलतो. काही घडलेलं नाही, खेळ चालू द्या, हे सांगायचं तर दोन्ही हात छातीपुढून आडवे बाजूला फेकायचे, तळवे खाली. आर्वोचा मोकळा हात आपोआप आडवा झाला होता. इर्या त्या हाताकडे बघत होती. घामाचा एक थेंब कोपरावरून त्याने स्वतः घातलेल्या फरशीवर पडला.

"वाकला," आर्वो म्हणाला. "दुखत होतं म्हणून. त्याचा उजवा अंगठा मोडला होता. मला दुसऱ्या सत्रापासून माहीत होतं. डेलने माझ्याकडे एक मिनिट मागितलं, ते मी दिलं, आणि हे त्याला सांगितलं नाही. डेलला माहीत नव्हतं. हे लिहा. त्याला माहीत नव्हतं."

पलीकडे खुर्ची करकरली. कोणी तरी कोणाला तरी दार लावायला सांगितलं.

"आर्वो," कॅल्व्हर्ली म्हणाला. आवाज अजून मायाळूच होता. "तू थकलायस. वाईट रात्र गेली सगळ्यांची. हे बघ, मी पेन खाली ठेवलंय. आत्ता तू जे बोललास ते मी ऐकलं नाही. मी पुन्हा विचारतो, आणि तू फक्त हो किंवा नाही म्हण. पोरगा वाकला का?"

हात अजून आडवाच होता. आर्वोने तो खाली घेतला. मूठ वळली तेव्हा अंगठा आत गेला, त्याने तो बाहेर काढला, एकेक बोट सोडवून.

"पेन उचला," तो म्हणाला.

"आर्वो..."

"उचला. मी थांबतो."

आणि तो थांबला, उघडा, ओला, रिसीव्हर कानाशी धरून. पलीकडे फोन ठेवलेला नव्हता. श्वास ऐकू येत होता, मोडून वाकडं जुळलेल्या नाकातला. इर्याने टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. सौनातले दगड अजून तापलेले असतील. बसमध्ये एक बाई खिडकीला डोकं टेकून बसली असेल. आर्वो कागदावर पेनाच्या आवाजाची वाट पाहत उभा राहिला.